उजव्या अंगठ्याचा भाऊ

१

त्या दिवशी धुकं असं दाट उतरलं होतं, की कॉलनीतल्या कडुनिंबांचे नुसते बुंधे दिसत होते, वर झाडच नव्हतं. पौषातली थंडी. दहा वाजून गेले तरी ऊन म्हणून कुठे पडलं नव्हतं आणि नळाच्या पाण्याने बोटं बधिर होत होती. सहादूने कानाला मफलर गुंडाळला, घराच्या कागदांची पिशवी छातीशी धरली आणि रिक्षाच्या स्टँडकडे हळूहळू निघाला.

"निघाले का सहादूभाऊ वकिलाकडं?" शेजारची साळूबाई ओट्यावर शेकत बसली होती, तिने विचारलं. "नीट वाचायला लावा हो सगळं. आपल्यासारख्याला काय, काळं ते काळं न् पांढरं ते पांढरं."

सहादू हसला. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने पुष्कळ काही केलं होतं. सातपूरच्या कंपनीच्या बागेत तीस वर्षं खुरपं चालवलं होतं, पण घर कधी विकलं नव्हतं. ते कसं विकतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

विकायचं कारण एकच, विठाबाई. तिला लकवा मारून आठ महिने झाले होते. एक अंग गेलं, वाचा गेली. एकुलती लेक दीपमाला तिला पिंपळगाव बसवंतला घेऊन गेली. जावई द्राक्षांच्या पॅकहाउसला कामाला, माणूस भला, पण घर दोन खोल्यांचं. सासूची खाट लागली की दारातून तिरकं होऊन जावं लागे. सासऱ्याला जागा कुठली? जावयानेच तोड सुचवली होती. नाशकातलं घर विकायचं आणि पिंपळगावला ओट्याला लागून एक खोली काढायची, दोन खाटा मावतील एवढी. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तो यायच्या आत आपली खाट तिच्या खाटेशेजारी लागावी, एवढंच सहादूला हवं होतं. देवाकडे तो हल्ली दुसरं काही मागतच नव्हता.

सीबीएस बसस्टँडजवळच्या एका जुन्या इमारतीत अंजली वकिलीणबाईंचं ऑफिस होतं. बाई तिशी-पस्तिशीची, बोलायला मायाळू. तिने कागद एकेक करून उलटले आणि एका पानावर थांबली.

"बाबा, हे घर दोघांच्या नावावर आहे."

"नाय ताई. माझ्या एकट्याच्या."

"सहादू रामजी आणि पुंजा रामजी. सख्खे भाऊ, असं लिहिलंय. हे बघा, खाली दोन अंगठे. डावा तुमचा, उजवा पुंजाचा." तिने पान त्याच्याकडे फिरवलं. "घरपट्टीच्या प्रत्येक बिलावरही दोन्ही नावं आहेत. त्यांची संमती असल्याशिवाय खरेदीखत होणार नाही. कुठे असतात तुमचे भाऊ?"

सहादू त्या दोन निळसर डागांकडे बघत राहिला. एक्केचाळीस वर्षं बिलं त्याने डब्यात जपून ठेवली होती. वाचता कुठे येत होती?

२

पुंजा नावाचा भाऊ त्याला नव्हता. कधीच नव्हता. आईला तो एकटाच झाला होता.

कॉलनीचे प्लॉट पडले तेव्हा नियम असा होता, की एका सभासदाला अर्धाच प्लॉट मिळणार. दोघे भाऊ मिळून घेत असतील तर पूर्ण. विठाबाईला मागे परसू हवं होतं, एक शेळी बांधायची होती. टेबलामागचा मुनशी सहादूला म्हणाला, "भाऊ आहे का रे?" सहादू म्हणाला, "नाय." मुनशी हसून म्हणाला, "मग आण की एखादा. नाव सांग." सहादूच्या तोंडून का कोण जाणे, पुंजा निघालं. मुनशीने ते लिहिलं. मग म्हणाला, "पुरुषाचा डावाच घेतात. पण दोन्ही डावे सारखे दिसतील, नसती पंचाईत. भावाचा म्हणून उजवा ठेव." सहादूने आधी डावा अंगठा ठेवला, मग उजवा.

विठाबाई पुढे कितीतरी दिवस चेष्टा करायची. "असा दीर साऱ्या जगाला मिळो. ना ताटाला बसतो, ना वाटणी मागतो." मग दीपमाला झाली, शेळी आली आणि गेली, आणि ती गोष्ट दोघंही विसरली.

"बाबा?" वकिलीणबाई वाट बघत होती.

खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण टेबलावर जाड जाड पुस्तकं होती, आणि खोट्या अंगठ्याला काय शिक्षा असते ते त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तो गेला निघून. प्लॉट घेतला त्याच साली."

"भांडण झालं होतं का?"

"नाय नाय. भांडणारा नव्हताच तो. लय गरीब होता." सहादूला स्वतःचंच नवल वाटलं. जीभ आपोआप चालत होती. "बोलायचा पन कमी. कुनी काय इचारलं तर नुसतं हं म्हनायचा."

बाईने ते लिहून घेतलं. पेपरात जाहीर नोटीस देऊ, ती म्हणाली. पंधरा दिवसांत कोणी पुढे आलं नाही, तर कोर्टात अर्ज करू. वर्ष-दीड वर्ष लागेल.

"दीड वरीस?"

"दुसरा मार्ग नाही, बाबा. भाऊच येऊन उभे राहिले तर मात्र आठवड्याचं काम."

सहादू जिना उतरला. रस्त्यात अजून धुकंच होतं.

३

नोटीस आली. साळूबाईच्या नातीने ती वाचून दाखवली. "वरील मिळकतीत कोणाचाही हक्क, हितसंबंध, वाटा असल्यास..." सहादूने तो कागद घडी करून पिशवीत ठेवला.

घर आता निम्मं रिकामं झालं होतं. कपाट जुन्या बाजारात गेलं, लोखंडी पलंग जावयाने नेला. पुढची खोली त्याच्या अर्ध्या प्लॉटवर होती. स्वयंपाकघर आणि परसू दुसऱ्या अर्ध्यावर. मधला उंबरा बरोबर हद्दीवर बसला होता. ही गोष्ट त्याला पूर्वी कधी जाणवलीही नव्हती. आता तो उंबरा ओलांडताना त्याचा पाय क्षणभर थबकायचा, दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवताना थबकतो तसा.

एका दुपारी पुढच्या खोलीत तो खोकला. मागून खोकला आला.

रिकाम्या घरात आवाज घुमतो, हे त्याला ठाऊक होतं. सामान गेलं की भिंती बोलतात. त्याने मुद्दाम पुन्हा खोकून पाहिलं. मागून काही आलं नाही. तो सुस्कारा टाकून बसला, बिडी शोधू लागला, आणि तेवढ्यात मागे कोणीतरी खोकलं. एकदाच. घसा साफ करावा तसं, ओशाळवाणं.

त्याने उठून पाहिलं. ओट्यावर तांब्या होता, परसूत ऊन होतं. कोणी नव्हतं. शेजारच्या घरातलं असेल, भिंतीला भिंत लागलीय, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला.

त्याच आठवड्यात रेशनच्या दुकानात मशीनने त्याचा अंगठा घेतला नाही. दुकानदाराने तो पुसला, तेल लावलं, पुन्हा पुन्हा दाबला. "बोटाच्या रेषा गेल्या, बाबा. म्हातारपणी होतं असं. रोजचे चार येतात." सहादूने घरी येऊन उजेडात डावा अंगठा पाहिला. खरंच, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. उजव्यावर मात्र रेषा अशा ठसठशीत उठल्या होत्या, जशा तरणेपणी असतात. खुरपं उजव्या हातात, झिजायचा तर तो झिजायला हवा होता.

४

रोज संध्याकाळी तो दीपमालाला फोन करायचा. ती फोन आईच्या कानाला लावायची. विठाबाईला बोलता येत नव्हतं, पण सहादू सांगत राहायचा. आज अमोल आला होता घर बघायला. हा अमोल म्हणजे घर घेणारा, शहाणा पोरगा. कडुनिंब तोडणार नाय म्हनला. साळूबाईनं भाकरी दिली. विठाबाई ऐकायची, मधूनच श्वास जोरात सोडायची. तेवढ्याने त्याचा दिवस साजरा व्हायचा.

नोटिशीनंतर नवव्या दिवशी त्याने फोन केला तर दीपमाला म्हणाली, "काय बाबा, परत?"

"परत कसं? आत्ताच तर लावतोय."

"अहो, पाच मिनिटं नाही झाली. केवढा वेळ बोलत होता तुम्ही आईशी."

"मी काय बोलत होतो?"

"मला काय माहीत, तिच्या कानाला होता फोन. पण बाबा, आई हसली! आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली. काय सांगितलंत तिला?"

मागच्या खोलीकडे सहादूची पाठ होती. तिकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं. लेकीला तो एवढंच म्हणाला, "असंच. जुनं काहीतरी."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलीणबाईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बाबा, पेढे द्या! तुमचे भाऊ आले होते काल ऑफिसात. कोणीतरी नोटीस वाचून दाखवली म्हणे. किती साधा माणूस हो. तुमच्यासारखेच दिसतात अगदी. अंगठा द्यायला तयार आहेत."

"ताई, त्याच्याकडं कागद काय हाये? तोच कशावरून?"

"सगळं आहे. आधार आहे, रेशन कार्डावर नाव आहे. मतदार यादीत तर तुमच्या नावाखालचंच नाव आहे त्यांचं, दर वेळी मतदानही केलंय. आणि मी त्यांचा अंगठा घेऊन जुन्या कागदाशी ताडून पाहिला. तोच आहे. मंगळवारी नोंदणी करून टाकू. तुमची हरकत नाही ना?"

फोन कानाला धरून सहादू उभा राहिला. "असा भाऊ नाही" एवढे तीन शब्द होते. ते बोलले की सगळं थांबणार होतं. तो माणूस थांबणार होता, पण खरेदीही थांबणार होती. पिंपळगावला खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. जावयाने अमोलने दिलेल्या इसाराच्या पैशातून वर पत्रेही टाकले होते. दीपमालाने कालच सांगितलं होतं, आईच्या खाटेशेजारी जागा मोजून ठेवलीय.

"नाय," सहादू म्हणाला. "माझी कशाला हरकत असंल?"

त्या दुपारी साळूबाई भिंतीवरून म्हणाली, "तुमचे भाऊ लय सज्जन हो. सकाळी माझा हंडा उचलून दिला. इतकी वर्सं शेजारी राहते, पन त्यांचा आवाज म्हनून ऐकला नाय."

"इतकी वर्सं?" सहादूने विचारलं.

"मग काय तर!" साळूबाई म्हणाली आणि वाळवणाकडे वळली.

६

सोमवारी टळटळीत दुपारी सहादूने पुढच्या खोलीत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर फतकल मारली. मधल्या दाराचा पडदा वाऱ्याविना सरळ लोंबत होता. भीती होतीच, पण भीतीपेक्षा काम मोठं होतं. आयुष्यभर त्याने अशीच सगळी कामं केली होती, समोर बसून, हळू बोलून.

"पुंजा," त्याने हाक मारली. ही हाक त्याने जन्मात पहिल्यांदा मारली होती. "हायेस का रे?"

पडद्यामागे कोणीतरी भिंतीला पाठ टेकून बसावं तसा घासल्याचा आवाज आला.

"हं."

तो आवाज सहादूचाच होता, पण पुष्कळ दिवस न वापरलेला.

"उद्या येशील ना? अंगठा देशील?"

"हं."

"मी तुला नाव दिलं, दुसरं काय दिलं नाय. चुकलंच माझं. राग धरू नको." तो थोडा पुढे सरकला. "पन एक सांग. तू उगाच येनार नाय. तुझा वाटा काय? काय पायजे तुला?"

सहादू ऊन उतरेपर्यंत उत्तराची वाट बघत बसला. पडद्याखालच्या फटीतून त्याला दोन पाय दिसत होते की फरशीवर पडलेली सावली, हे त्याच्या अधू डोळ्यांना काही केल्या ठरवता येईना. जे काही होतं, त्याचं तोंड मात्र पिंपळगावच्या दिशेला होतं.

७

नोंदणीच्या ऑफिसात माणसाला माणूस चिकटलेला. दीपमाला आणि जावई जीप घेऊन आले होते. काम झालं की सहादूला तसंच पिंपळगावला न्यायचं, घराचा ताबा अमोलला आठ दिवसांनी द्यायचा, असं ठरलं होतं. सहादूची कपड्यांची पिशवी जीपमध्ये जाऊनही पडली होती.

गर्दीत तो मागे ढकलला गेला. पुढे कोणीतरी नाव पुकारलं. "सहादू रामजी!"

"हाये!" तो ओरडला, पण त्याच्या आधी दुसऱ्या कोणीतरी टेबलाशी जाऊन टोपी सारखी केली होती. सहादूला खांद्यांच्या फटीतून फक्त हात दिसला. काचेवर टेकलेला डावा अंगठा. त्याच्या नखाच्या मधोमध उभी चीर होती. कंपनीच्या बागेत पहार लागून पडलेली ती चीर सहादू ओळखत होता. रोज आंघोळीला तीच बघायचा तो. त्याने झटकन आपला डावा अंगठा वर धरला. नख सपाट होतं, लहान मुलाच्या नखासारखं.

मशीन टिंग वाजलं.

सहादू वाट काढत टेबलाशी पोचला तोवर तिथे कोणी नव्हतं. वकिलीणबाई होती, आणि संगणकावरचा माणूस.

"ताई, मी आलो. मी सहादू."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नुसती कणव होती. तिने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हो बाबा, हो. सांगितलंय मला तुमच्या भावाने. तुम्ही कधी कधी असं म्हणता."

"ताई, देवाशपथ..."

"डावा लावून बघू द्या हवं तर," संगणकवाला कंटाळून म्हणाला. सहादूने डावा अंगठा काचेवर ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. काच गप्प राहिली.

"पुंजाबाबा, उजवा लावा," बाई म्हणाली. "तुमचा एकट्याचा राहिलाय. तो झाला की झालं खरेदीखत. नाहीतर सगळं अडेल."

सगळं अडेल. सहादूच्या मागे लोक चुळबुळत होते. ओरडावं, टेबल उलथावं, दीपमालाला हाका माराव्यात, असं त्याच्या मनात आलं. मग पोलीस येतील, कागद फाटतील. पत्र्याखालच्या त्या खोलीचे पैसे परत करावे लागतील, आणि विठाबाई दोन खोल्यांच्या घरात, दाराच्या तोंडाशी, एकटी मरेल. आठ महिन्यांत ती एकदाच हसली होती. तिच्या खाटेशेजारी दुसरी खाट लागणं महत्त्वाचं. त्या खाटेवर कोण...

त्याने पुढचा विचार केला नाही. उजवा अंगठा काचेवर टेकवला. मशीन लगेच वाजलं.

८

बाहेर जीप नव्हती. चहावाल्याने सांगितलं, मघाशीच गेली. लेकीने म्हाताऱ्याला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

सहादूच्या खिशात फोन नव्हता. तो पिशवीत होता आणि पिशवी जीपमध्ये. तो चालत निघाला. त्र्यंबक रोडने, कडेकडेने, थांबत थांबत. पाय दुखले की तो एखाद्या कट्ट्यावर टेकायचा आणि कोणी विचारलंच, कुठं जायचं बाबा, तर नुसतं हं म्हणायचा. दुसरं काही तोंडातून निघतच नव्हतं.

कॉलनीत पोचेपर्यंत दिवे लागले होते. दाराला कुलूप नव्हतं. पुढच्या खोलीचा उंबरा ओलांडायला त्याचा पाय उचलेना. मग तो बोळातून वळसा घालून परसूकडे गेला. मागच्या दाराने आत शिरला, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून खाली बसला. तिथे त्याला बरं वाटलं. भिंत पाठीच्या आकाराची झिजलेली होती.

थोड्या वेळाने साळूबाई ताटात भाकरी आणि पिठलं घेऊन आली. बत्ती लावून तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि समोर उकिडवी बसली. पदराने डोळे टिपले.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "मघाशी जीप आली होती हितं, उरलंसुरलं सामान न्यायला. सहादूभाऊ खाली नाय उतरले, पन काचेतून हात जोडले मला. म्हनले, माझ्या भावाकडं ध्यान ठेवा. लय बरं झालं बघा, विठाबाईच्या शेवटाला नवरा तरी जवळ राहील. पन आठ दिवसांनी अमोल घराला कुलूप घालनार, अन् तुम्हाला न्यायला कोन येनार हो, पुंजाभाऊ?"